नीट विचार कसा करायचा: कागद, पेन आणि वीस मिनिटं

डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवता येतात. १९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने हा आकडा सात, त्यात दोन इकडे-तिकडे, असा मांडला होता. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास आणला. आता ‘नोकरी बदलावी का’ हा साधा प्रश्न घ्या. पगार, प्रवासाचा वेळ, घरच्यांचं मत, कर्जाचा हप्ता, सध्याच्या साहेबांवरचा राग आणि पुढच्या पाच वर्षांची चिंता, असे सहा धागे त्यात आहेत. ते सगळे डोक्यात मावत नाहीत. मग मन त्यातल्या तीन-चार धाग्यांभोवतीच घिरट्या घालतं, आणि रात्रभर घिरट्या घातल्यावर आपण म्हणतो, ‘खूप विचार केला.’

म्हणून या लेखातली सगळी पद्धत कागदावरची आहे. बुद्धी वाढवण्याचा इथे दावा नाही. धागे सुटे करून समोर मांडले, की असलेली बुद्धी पुरते.

सामान फारसं लागत नाही. एक मोठा कोरा कागद, पेन आणि वीस मिनिटांचा गजर. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. संगणकावर लिहिलं तरी चालेल, पण सगळं एका नजरेत दिसलं पाहिजे. वर-खाली सरकवावं लागलं की पुन्हा स्मरणशक्तीवरच भार येतो.

कधी बसायचं नाही तेही सांगायला हवं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चाचण्यांमधली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असं १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात दिसलं होतं. रात्री साडेअकराला लिहिलेला राजीनामा सकाळी वाचून मगच पाठवावा, तो यासाठी. आणि दर गोष्टीला कागद काढू नये. चूक झाली तर आठवड्याभरात दुरुस्त होईल असा निर्णय दोन मिनिटांत उरकावा. परत फिरता येत नाही, किंवा परत फिरणं महागात पडतं, अशाच निर्णयांसाठी ही वीस मिनिटं.

पहिली पायरी: प्रश्न लिहिणं

बहुतेक गोंधळ इथेच होतो, म्हणून वीसपैकी निदान पाच मिनिटं इथे घालवा. प्रश्न पूर्ण वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन लिहायचा. तो लिहिताना चार प्रकारचे घोळ वारंवार दिसतात.

एक म्हणजे प्रश्नाचा वेष घेतलेली तक्रार. ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’ याला उत्तर नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. दुसरा, पोटात उत्तर घेऊन आलेला प्रश्न. ‘गाडी कोणती घ्यावी?’ असं विचारलं की गाडी घ्यायची हे न बोलताच ठरून जातं. खरा प्रश्न ‘रोजच्या प्रवासाचा दीड तास कमी कसा करता येईल?’ असा असू शकतो, आणि त्याचं उत्तर घर बदलणं किंवा कामाची वेळ बदलून घेणं असंही निघू शकतं. तिसरा घोळ म्हणजे एकात एक गुंतलेले दोन प्रश्न: ‘हा अभ्यासक्रम करावा का आणि त्यासाठी सुट्टी मिळेल का?’ यातला दुसरा एका फोनवर सुटतो. तो आधी सोडवा.

चौथा सगळ्यांत चिवट, तो ‘करू की नको’चा. यात पर्याय एकच असतो, फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. इथे उपाय असा, की तो पर्याय उद्यापासून बंद झाला असं समजायचं. ती जागा दुसऱ्या कोणाला गेली, ते घर विकलं गेलं. आता काय कराल? जे सुचेल ते कागदावर लिहा. निदान तीन पर्याय झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि ‘काहीच न करणं’ हा त्यातला एक असू द्या. कारण तोही निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत मोजावी लागते.

प्रश्न लिहून झाला की त्यातले धूसर शब्द अधोरेखित करा: लवकर, परवडेल, चांगलं, नेहमी, कुणीच. प्रत्येकाच्या जागी आकडा किंवा डोळ्यांना दिसेल अशी घटना लिहा. ‘तो नेहमी उशिरा येतो’ ऐवजी ‘गेल्या दहा वेळांपैकी किती वेळा, आणि किती मिनिटं?’ अनेकदा इथेच भांडण अर्धं होतं, कारण आकडा दहापैकी तीन निघतो.

प्रश्न जमला की नाही हे तपासायचं असेल तर तो बाहेरच्या एखाद्याला वाचून दाखवा. समोरून ‘म्हणजे?’ आलं, तर अजून काम बाकी आहे.

दुसरी पायरी: पाहिलं, ऐकलं, ताडलं

कागदाच्या खालच्या भागात तीन रकाने आखा आणि त्यांना हीच नावं द्या. या विषयाबद्दल जे जे ‘माहीत आहे’ असं वाटतं ते एकेका ओळीत योग्य रकान्यात टाका. न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेने ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं). रोजच्या वापराला तीन रकाने पुरतात.

समजा, सहकाऱ्याला सकाळी अकराला निरोप पाठवला आणि संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. डोक्यात वाक्य तयार होतं, ‘तो माझ्यावर चिडलाय.’ आता रकाने भरा. पाहिलं: निरोप पोहोचला, सात तासांत उत्तर आलं नाही. ऐकलं: कालच्या बैठकीनंतर तो गप्प होता, असं एकाने सांगितलं. ताडलं: तो चिडलाय, तो माझ्यावर चिडलाय, कालच्या बोलण्यावरून चिडलाय. ताडलेल्या तीन ओळींना आधार मिळून एक पाहिलेली आणि एक ऐकलेली ओळ. एवढ्या पायावर आपण दिवसभर घुसमटत असतो.

ताडलेल्या प्रत्येक ओळीसमोर त्याच पुराव्याचे आणखी दोन अर्थ लिहायचे. तो प्रवासात असेल. निरोप वाचून, नंतर उत्तर देऊ म्हणत विसरला असेल. हे अर्थ खरे असतीलच असं नाही, पण पहिला अर्थ एकटाच रिंगणात होता, तो आता नाही.

इथे नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, एक जुनं उदाहरण फार उपयोगी पडतं. डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे, हे अनुमान बरोबर. पण आग आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. आपल्या उदाहरणात चिडणं म्हणजे धूर, आणि उत्तर न येणं म्हणजे आग. उत्तर न येण्याच्या दहा कारणांपैकी चिडणं हे एक. ‘चिडलेली माणसं उत्तर देत नाहीत’ हे खरं असलं, तरी ‘उत्तर न देणारी माणसं चिडलेली असतात’ हे त्यातून निघत नाही. ताडलेलं प्रत्येक वाक्य असं उलटवून पाहण्याची सवय लावली, तर दिवसातले निम्मे गैरसमज तिथेच थांबावेत.

‘ऐकलं’ रकान्याला तीन प्रश्न लावा. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं आहे का? ते मी मानलं तर त्याचा काही फायदा होतो का? आणि ते खोटं असतं तर ते त्याला कळलं असतं का? तिसरा प्रश्न लोक विसरतात. प्रामाणिक माणूसही अशा गोष्टी सांगतो, ज्यांची चूक त्याच्यापर्यंत कधी पोहोचणारच नसते. शिवाय एकाच उगमातून पाच जणांकडे गेलेली बातमी हा एकच पुरावा असतो, पाच नाही. पाचही जण वेगवेगळ्या शब्दांत सांगत असले तरी.

तिसरी पायरी: स्वतःच्या विरुद्ध बाजूने

१९६० साली पीटर वेसन यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि यामागचा नियम ओळखायला सांगितलं. स्वतःचे तीन-तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही एवढं सांगितलं जाईल. लोकांनी ८, १०, १२ सुचवले; बसले. २०, २२, २४, बसले. मग त्यांनी खात्रीने सांगितलं, ‘दोन-दोनने वाढणारे आकडे.’ चूक. नियम एवढाच होता, की आकडे चढत्या क्रमाने हवेत. ५, ६, ९० विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. पण स्वतःचा अंदाज मोडेल असे आकडे विचारायचं बहुतेकांना सुचलंच नाही.

यावरून करायची कृती अशी. कागद उलटा करा आणि मागच्या बाजूला लिहा, ‘माझं चुकत असेल, तर काय दिसायला हवं?’ मग नेमकं तेच शोधायला निघा. जुनी गाडी घ्यायची असेल, तर विकणाऱ्याने दाखवलेल्या चांगल्या गोष्टी मोजत बसू नका. ‘ही गाडी खराब असेल तर कुठे दिसेल?’ हे आधी लिहा: थंड इंजिन सुरू करताना, चारही चाकांच्या झिजेत, सर्व्हिसच्या नोंदींमधल्या रिकाम्या महिन्यांत. गाडी पाहायला जाताना आधीच सुरू करून गरम केलेलं इंजिन मिळालं, तर ते थंड होईपर्यंत थांबा.

चार्ल्स डार्विन आपल्या मताविरुद्ध जाणारी नोंद किंवा विचार समोर आला की लगेच टिपून ठेवत. अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ही सवय उचलण्यासारखी आहे, आणि ‘लगेच’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. संध्याकाळी लिहू म्हटलं, की विरुद्ध पुरावा मवाळ होऊन आठवतो.

मतभेद माणसाशी असेल तर पूर्वपक्ष लिहा. शास्त्रचर्चेत खंडन करण्याआधी प्रतिपक्षाची बाजू मांडायची जुनी रीत आहे. कसोटी अशी, की समोरच्याने वाचून ‘हो, मला हेच म्हणायचंय’ म्हटलं पाहिजे. तो ‘तसं नाही रे’ म्हणाला तर तुम्ही बुजगावणं उभं केलंय, आणि बुजगावण्याला हरवून काही साधत नाही.

चौथी पायरी: आकडे

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांड्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसांचं, कंपन्यांचं, औषधांचं तसं नसतं. दोन ओळखीच्यांच्या अनुभवावरून निष्कर्ष काढण्याआधी एवढंच विचारा: हे शीत कुणी वेचलं? यशस्वी झालेलेच मुलाखती देतात, समाधानी किंवा भडकलेले गिऱ्हाईकच अभिप्राय लिहितात.

दुसऱ्या महायुद्धात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांच्यापुढे लष्करी विमानांना झालेल्या इजेचा प्रश्न आला होता. परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा पाहून, जिथे जास्त खुणा तिथे चिलखत द्यावं असं सहज वाटतं. पण ज्यांच्या इंजिनाला गोळी लागली ती बहुतेक विमानं परतलीच नव्हती. जिथे खुणा कमी तिथेच धोका जास्त. अभिप्राय वाचताना, सल्ले ऐकताना हे आठवावं: जी विमानं परतली नाहीत ती कुठे आहेत?

‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ हे आपण दुसऱ्याला सुनावतो. स्वतःच्या बाबतीत कावळ्यालाच श्रेय देतो. त्यावर चार घरांचा तक्ता काढा. आडवं: उपाय केला, उपाय केला नाही. उभं: गुण आला, गुण आला नाही. साधी सर्दी झाली, गोळी घेतली आणि आठवड्यात बरं वाटलं, हे फक्त एक घर झालं. गोळी न घेता आठवड्यात बरं वाटलं त्या वेळा कुठल्या? साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप जाते, त्यामुळे ते घरही भरलेलं निघतं. चारही घरं भरल्याशिवाय ‘यामुळे ते झालं’ असं म्हणायचं नाही.

टक्के आले की डोकं गरगरतं. अशा वेळी टक्क्यांचं रूपांतर १,००० माणसांत करायचं. समजा, एक आजार शंभरात एकाला आहे. चाचणी दहापैकी नऊ आजारी लोकांना बरोबर पकडते, पण शंभर निरोगी लोकांपैकी नऊ जणांनाही चुकून आजारी ठरवते. चाचणी ‘आहे’ म्हणाली, तर आजार असण्याची शक्यता किती? पटकन ९० टक्के म्हणावंसं वाटतं. आता मोजा. १,००० पैकी आजारी १०, त्यातले ९ पकडले गेले. निरोगी ९९०, त्यातले सुमारे ८९ चुकून अडकले. ‘आहे’ असा निकाल मिळालेले एकूण ९८, खरे आजारी ९. म्हणजे साधारण ९ टक्के. मात्र लक्षणं पाहून डॉक्टरांनी चाचणी सांगितली असेल तर सुरुवातीचा ‘शंभरात एक’ हा आकडाच बदलतो, त्यामुळे हे गणित निकाल दुर्लक्षित करायला वापरू नये. पुढची तपासणी का सांगतात, ते यातून कळतं एवढंच.

वेळेचा अंदाज हा आकड्यांमधला सगळ्यांत लबाड. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पूर्ण व्हायला सरासरी सुमारे ३४ दिवस लागतील असं सांगितलं. लागले सुमारे ५५. कारण आपण काम कसं होईल याचं चित्र रंगवतो, आणि त्या चित्रात कुणी आजारी पडत नाही, छपाईयंत्र अडत नाही. उपाय म्हणजे चित्र बाजूला ठेवून यादी काढणं: अशी मागची तीन कामं किती दिवसांत झाली? त्यांची सरासरी घ्या. नोंदच नसेल तर पहिल्या अंदाजाला दीडने गुणा, आणि पुढच्या वेळेसाठी आजपासून नोंद ठेवा.

मधली एक छोटी चाचणी

एखादा विषय आपल्याला कळतो असं ठाम वाटत असेल, तर तो पायरी-पायरीने लिहून पाहा. २००२ मध्ये रोझेनब्लिट आणि काइल यांनी लोकांना झिप, कुलूप यांसारख्या वस्तू किती समजतात ते गुण देऊन सांगायला लावलं, मग त्या कशा चालतात ते सविस्तर लिहायला सांगितलं. लिहिल्यावर लोकांनी स्वतःचे गुण कमी केले. विम्याची योजना असो की आहाराचा नवा प्रकार, ‘हे केल्यावर ते का होतं’ अशी साखळी लिहा. जिथे ‘मग आपोआप’ असा शब्द येतो, तिथली कडी गहाळ आहे.

निर्णय

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून आपली रीत कळवली होती. कागदाचे दोन भाग करायचे, एकीकडे बाजूची कारणं, दुसरीकडे विरुद्ध, आणि तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत राहायचं. मग समान वजनाची कारणं आमनेसामने खोडायची. कधी एका बाजूची दोन दुसऱ्या बाजूच्या तिघांना खोडतात. या रीतीचा पहिला भाग सगळे करतात, दुसरा जवळजवळ कुणी करत नाही. नुसती ओळींची संख्या मोजली, की ‘कॅन्टीन चांगलं आहे’ हे कारण ‘पगार वेळेवर होत नाही’ याच्या तोडीला येऊन बसतं. तीन-चार दिवसांची अटही सोडू नका. पहिल्या दिवशीची यादी बहुतेक त्या दिवसाच्या मनःस्थितीचीच असते.

कल एका बाजूला झुकला की आणखी दहा मिनिटं द्या. एक वर्ष उलटलंय आणि निर्णय साफ फसलाय, असं धरून चाला. का फसला, ते भूतकाळात लिहा. गॅरी क्लाइन यांनी कामाच्या ठिकाणांसाठी सुचवलेली ही युक्ती घरातही चालते. ‘काय चुकू शकेल?’ असं विचारलं की लोक शिष्टाचार पाळतात, ‘काय चुकलं?’ विचारलं की बोलतात. निघालेल्या कारणांपैकी ज्यांवर आज काही करता येईल, ती दोन निवडून लगेच करा.

आणि आधी घातलेला पैसा, गेलेली वर्षं यांचा रकाना काढूच नका. ती रक्कम सगळ्याच पर्यायांमध्ये सारखी गेलेली आहे. त्याऐवजी हा प्रश्न: हे आज नव्याने समोर आलं असतं, तर घेतलं असतं का? उत्तर ‘नाही’ येऊनही सोडवत नसेल, तर अडवतंय ते हिशेबापेक्षा लोकांना काय वाटेल हे असतं. तेही लिहा, नाव घेऊन.

नोंदवही

निर्णय झाला की एका वहीत पाच ओळी: तारीख, निर्णय, तीन मुख्य कारणं, काय होईल असा अंदाज आणि त्याची टक्केवारी, आणि त्या वेळची मनःस्थिती. तीन महिन्यांनी उघडायचं. लिहून ठेवणं सक्तीचं, कारण आठवण फितूर असते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बाइथ यांनी १९७२ मधल्या अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांपूर्वी लोकांकडून अंदाज घेतले आणि नंतर तेच अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं, ते आपण आधीच जास्त शक्य मानलं होतं, असं लोकांना आठवलं. ‘मला वाटलंच होतं’ या वाक्याचं मूळ इथे आहे.

वहीत वीसेक नोंदी झाल्या की ‘७० टक्के खात्री’ लिहिलेल्या सगळ्या वेगळ्या काढा. त्यातल्या दहापैकी सातच्या आसपास खऱ्या ठराव्यात. चारच ठरल्या तर तुमचे ७० टक्के म्हणजे खरं तर ४०. नऊ ठरल्या तर तुम्ही उगाच कचरता. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरवू नका, आणि उलटही नाही. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर पुन्हा तेच ठरवलं असतं का, एवढं पाहायचं.

सुरुवात करताना सगळ्या पायऱ्या एकदम घेतल्या तर दुसऱ्या आठवड्यात सुटतात. पहिला महिनाभर आठवड्याला एकच प्रश्न आणि पहिल्या दोनच पायऱ्या, शक्यतो ठरलेल्या वेळी. दुसऱ्या महिन्यात उलटी बाजू आणि वही जोडा. आकड्यांची पायरी गरज पडेल तशी. आणि एकाच प्रश्नाच्या तिसऱ्या कागदावरही त्याच ओळी उतरत असतील, तर लिहिणं थांबवा: ‘ऐकलं’ आणि ‘ताडलं’ रकान्यांतली सगळ्यांत वजनदार ओळ निवडा आणि तिची खातरजमा करू शकेल त्या माणसाला फोन लावा.